बर्फाखालची माणसं शोधणारे कुत्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंट बर्नार्ड म्हटलं की गळ्यात ब्रँडीचं छोटं पिंप अडकवलेला अगडबंब कुत्रा डोळ्यांसमोर येतो. या विषयावर लोक जे विचारतात त्यातलं निम्मं त्या पिंपाबद्दलच असतं. त्याचं उत्तर खाली आहेच. पण पिंप बाजूला ठेवलं की खरा इतिहास दिसू लागतो, आणि तो चित्रापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

डोंगरात अडकलेली माणसं शोधायला कुत्रे ठेवण्याची पद्धत कुठे सुरू झाली?

जिची सलग परंपरा सांगता येते अशी सर्वांत जुनी जागा म्हणजे आल्प्समधली ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड. स्वित्झर्लंडचा व्हाले प्रांत आणि इटलीतलं आओस्ता खोरं यांच्यामध्ये २,४६९ मीटर उंचीवर ही खिंड आहे, म्हणजे कळसूबाईच्या बरोब्बर दीडपट उंच. वाट फार जुनी. रोमन लोकांनी इथे ज्युपिटरचं देऊळ बांधलं होतं. पुढे व्यापारी, सैनिक आणि रोमच्या यात्रेला निघालेले भाविक याच वाटेने जात राहिले. त्यातले बरेच पोचायचे नाहीत. कधी हिमवादळात वाट चुकायची, कधी वरून बर्फाचा कडा कोसळायचा, कधी दरोडेखोर गाठायचे.

आओस्ताचे आर्चडीकन (चर्चमधले एक वरिष्ठ पदाधिकारी) बर्नार्ड यांनी साधारण १०५० साली खिंडीच्या माथ्यावर मठ उभारला. त्याला ‘हॉस्पिस’ म्हणतात, पण काम आपल्याकडच्या धर्मशाळेचं: दार ठोठावेल त्याला आत घ्यायचं, जेवू घालायचं, वाट मोकळी झाली की पुढे सोडायचं. बर्नार्ड यांना पुढे संतपद मिळालं आणि १९२३ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना गिर्यारोहकांचे रक्षक संत म्हणून जाहीर केलं. कुत्र्यांचा मात्र त्यांच्याशी काहीही संबंध नाही. संत गेल्यानंतर कुत्रे या मठात यायला जवळजवळ सहाशे वर्षं लागली.

म्हणजे संतांनी स्वतः हे कुत्रे तयार केले नाहीत?

नाही. कॅलेंडरांवर आणि पोस्टकार्डांवर संतांच्या पायाशी कुत्रा बसलेला असतो, पण ती चित्रकाराची भर आहे.

मग मठात कुत्रे आणले कशासाठी?

राखणीसाठी. साधारण १६६० ते १६७० च्या दरम्यान खालच्या खोऱ्यांतले धिप्पाड शेतकुत्रे वर आणले गेले असं मानतात. निर्मनुष्य जागी मठ, आत दानाचा पैसा आणि धान्याचा साठा, दारात रोज अनोळखी माणसं. अशा ठिकाणी भुंकणारं कुणीतरी हवंच. १६९५ च्या सुमाराच्या चित्रांत हे कुत्रे दिसतात.

त्यांना दुसरंही एक काम होतं आणि ते फारसं कुणी सांगत नाही. १७०० च्या आसपास मठाच्या स्वयंपाकघरात एक मोठं चाक बसवलं होतं. त्यात कुत्र्याने पळायचं, की चाकाला जोडलेली सळई फिरायची आणि विस्तवावरचं मांस सगळीकडून सारखं भाजलं जायचं. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बचाव कुत्र्यांचे पूर्वज आधी मुदपाकखान्यात राबत होते, ही गोष्ट मला तरी पिंपापेक्षा जास्त आवडते.

राखणीचे कुत्रे माणसं शोधू कसे लागले?

याचं श्रेय द्यायचं तर वाटाड्यांना द्यावं लागेल. खिंडीच्या दोन्ही अंगांना प्रवाशांना वर-खाली पोचवणारे स्थानिक वाटाडे असत, त्यांना ‘मारोनिए’ म्हणत. साधारण १७५० पर्यंत या वाटाड्यांबरोबर कुत्रा असणं ही नेहमीची गोष्ट झाली होती. कुत्रा पुढे चालायचा आणि छातीने भुसभुशीत बर्फ फोडत जायचा, त्यामुळे मागच्या माणसांना पायवाट मिळायची. थोड्याच दिवसांत वाटाड्यांच्या लक्षात आलं की धुक्यात समोरचा हात दिसत नसतानाही कुत्रा मठाची वाट बरोबर धरतो, आणि बर्फाखाली काही असेल तर तिथून हलत नाही.

कुणी बसून योजना आखली आणि बचाव पथक काढलं, असं इथे झालेलं नाही. रोजच्या ये-जा करण्यातून हे काम कुत्र्यांच्या अंगवळणी पडलं.

त्यांना शिकवत कोण?

आजच्या अर्थाने प्रशिक्षण नव्हतं. तरणे कुत्रे जुन्या कुत्र्यांबरोबर फेरीला जात आणि बघून शिकत. माणूस सापडला की एक कुत्रा त्याच्या अंगाला अंग लावून ऊब द्यायचा, तोंड चाटून जागं ठेवायचा आणि दुसरा मठाकडे पळत जाऊन माणसं घेऊन यायचा, असं परंपरेने सांगतात. प्रत्येक वेळी इतकं शिस्तीत होत असेल असं मला वाटत नाही. बहुतेक वेळा बरोबर वाटाड्या असायचाच.

या कुत्र्यांनी किती जीव वाचवले?

दोनेकशे वर्षांत सुमारे २,००० हा आकडा सगळीकडे दिसतो. तो अंदाज आहे, मोजदाद नव्हे, एवढं लक्षात ठेवून वाचावा. शिवाय त्यात वाटाड्यांचा आणि मठातल्या लोकांचा वाटा निम्म्याहून कमी नसावा. फावडं कुत्र्याच्या हातात नव्हतं.

जे वाचले नाहीत त्यांचं काय, हे कुणी विचारत नाही. माथ्यावर सगळा खडक, त्यात गोठलेला, त्यामुळे कबर खणणं अशक्य. म्हणून मठाजवळ दगडी शवगृह बांधलेलं होतं. सापडलेली प्रेतं तिथे ठेवत. कुणी नातलग शोधत आला तर ओळख पटावी हाही हेतू होता. कोरड्या थंडीत ती वर्षानुवर्षं टिकून राहत. एकोणिसाव्या शतकातले प्रवासी कुत्र्यांइतकंच या शवगृहाबद्दलही लिहीत.

नेपोलियनचा यात काय संबंध?

मे १८०० मध्ये त्याने सुमारे ४०,००० सैनिक आणि सुट्या केलेल्या तोफा घेऊन ही खिंड ओलांडली आणि इटलीत उतरला. मठाने सैनिकांना खाऊपिऊ घातलं. खिंड आणि मठ युरोपभर गाजले ते यामुळे. कुत्र्यांची कीर्तीही याच वाऱ्यावर पसरली.

बॅरी खरंच होता का? चाळीस माणसं वाचवून एक्केचाळिसाव्याच्या हातून मेला, हे खरं का?

पहिला प्रश्न: होता. जन्म १८०० चा. त्याने चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याचं सांगितलं जातं. तो आजच्या सेंट बर्नार्डच्या मानाने लहान होता, वजन ४०–४५ किलोच्या आसपास, केस आखूड.

दुसरा प्रश्न: साफ खोटं. दंतकथा अशी आहे की बर्फात गाडल्या गेलेल्या एका सैनिकाला बॅरी उकरून काढत होता, तेवढ्यात सैनिक शुद्धीवर आला आणि लांडगा समजून त्याने बॅरीला भोसकलं. पॅरिसजवळ आस्निएर इथल्या कुत्र्यांच्या दफनभूमीत बॅरीचं मोठं स्मारक आहे. पाठीवर मूल घेतलेला कुत्रा आणि त्याखाली कोरलेली ओळ: चाळीस जणांचे प्राण वाचवले, एक्केचाळिसाव्याने त्याला मारलं. प्रत्यक्षात बॅरी म्हातारा झाला तेव्हा, १८१२ मध्ये, मठाच्या प्रमुखांनी त्याला बर्न शहरात पाठवून दिलं. तिथे दोन वर्षं त्याने आरामात काढली आणि १८१४ मध्ये तो वार्धक्याने गेला. दगडात कोरलं म्हणजे इतिहास होतोच असं नाही. रायगडावरच्या वाघ्याच्या समाधीवरून झालेले वाद ज्यांनी ऐकलेत त्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको.

पाठीवरचं मूलही तसंच. बॅरीने गोठलेल्या पोराला चाटून जागं केलं आणि पाठीवर बसवून मठात आणलं, ही कथा मुलांच्या पुस्तकांत दीडशे वर्षं फिरतेय. तिला आधार नाही.

बॅरी मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून तो बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ठेवला. आजही तो तिथे आहे. पण गंमत बघा: १९२३ मध्ये त्याची डागडुजी झाली तेव्हा मूळची खाली झुकलेली मान वर केली गेली आणि डोकं तोवर लोकांना माहीत झालेल्या सेंट बर्नार्डसारखं जाडजूड केलं गेलं. म्हणजे खऱ्या कुत्र्यालाच त्याच्या चित्राप्रमाणे दुरुस्त केलं!

बरं, आता पिंपाचं सांगा.

पिंप चित्रातून आलं. १८२० मध्ये एडविन लँडसीर या इंग्रज चित्रकाराने बर्फात पडलेल्या प्रवाशाला शुद्धीवर आणणाऱ्या दोन कुत्र्यांचं चित्र काढलं. तेव्हा तो विशीतही नव्हता. एका कुत्र्याच्या गळ्यात त्याने ब्रँडीचं छोटंसं पिंप अडकवलं. चित्राच्या छापील प्रती घरोघरी गेल्या आणि पिंप कुत्र्याला कायमचं चिकटलं. मठातले कुत्रे अशी पिंपं घेऊन फिरत असल्याचा पुरावा नाही. पुढे पर्यटक फोटोसाठी पिंप मागू लागले तेव्हा मात्र ती ठेवावी लागली.

आणि समजा कुत्र्याने ब्रँडी आणली असती, तर ती देऊ नये. दारू पोटात गेली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. माणसाला ऊब आल्यासारखं वाटतं, पण शरीराच्या आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर पडते. हिमालयात ट्रेकला जाताना ‘थंडीसाठी’ म्हणून बाटली घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आजचा सेंट बर्नार्ड बॅरीसारखा का दिसत नाही?

कारण मधल्या काळात माणसांनी त्याला बदललं, आणि तेही दोनदा.

पहिल्यांदा गरजेपोटी. १८१६ ते १८१८ चे हिवाळे भयंकर होते. कामावर असताना बरेच कुत्रे हिमस्खलनात गेले. उरलेल्यांत आपापसातच पैदास होत असल्याने वंश कमकुवत होत होता. म्हणून १८३० च्या सुमारास न्यूफाउंडलंड जातीच्या लांब केसांच्या कुत्र्यांशी संकर केला. कल्पना अशी की लांब केसांनी थंडी कमी लागेल. झालं उलटंच. केसांत बर्फाचे गोळे अडकून गोठायचे आणि त्या ओझ्याने कुत्रा दमून जायचा. मठाने आखूड केसांची पिल्लं स्वतःकडे ठेवली आणि लांब केसांची खाली खोऱ्यांत देऊन टाकली.

दुसऱ्यांदा हौसेपोटी. खाली गेलेल्या त्या कुत्र्यांवर शौकीन लोकांची नजर पडली. १८६७ च्या सुमारास बर्नजवळच्या हाइनरिश शूमाखर यांनी वंशावळीच्या नोंदी ठेवून पैदास सुरू केली. १८८० मध्ये ‘सेंट बर्नार्ड’ हे नाव अधिकृत झालं (त्याआधी कुणी बॅरी कुत्रा म्हणे, कुणी आल्पाइन मॅस्टिफ) आणि १८८४ मध्ये स्विस वंशनोंदवही उघडली तेव्हा पहिली नोंद याच जातीच्या लिऑन नावाच्या कुत्र्याची झाली. मग प्रदर्शनं, बक्षिसं आणि ‘आणखी मोठा, आणखी जाड डोक्याचा’ ही चढाओढ. स्विस पैदासकारांनी संग्रहालयाला दिलेल्या सुमारे १२० वर्षांतल्या ४७ कवट्या मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजल्या. पिढ्यान्‌पिढ्या डोकं रुंद होत गेलं, कपाळ आणि मुस्कट यांच्यातला कोन वाढत गेला, आणि हे सगळं प्रदर्शनाच्या नियमावलीत जे हवं म्हटलं होतं त्याच दिशेने. आजचा पूर्ण वाढलेला नर ८० किलोंच्या पुढे सहज जातो. बॅरीच्या जवळपास दुप्पट वजनाचा हा कुत्रा बर्फात किती वेळ धावेल?

मग सेंट बर्नार्ड आता बचावाचं काम करत नाहीत?

त्या खिंडीत नाहीत. आल्प्सच्या पोटातून रेल्वेचे बोगदे झाले आणि पायी खिंड ओलांडणारे कमी होत गेले. १९६४ मध्ये या खिंडीखालूनच मोटारींचा बोगदा सुरू झाला. तोवर हेलिकॉप्टरही आलं होतं, आणि हेलिकॉप्टरमध्ये बसवायला एवढा जड कुत्रा परवडत नाही. मठाने तरी परंपरा म्हणून कुत्रे सांभाळले. पण मूठभर मठवासी आणि इतके खादाड कुत्रे हे गणित जमेना. २००५ मध्ये खाली मार्टिन्यी गावात बॅरी फाउंडेशन स्थापन झालं आणि पैदास त्यांच्याकडे गेली. आता हे कुत्रे वृद्धाश्रमांत आणि रुग्णांच्या भेटीला जातात, पर्यटकांबरोबर फिरतात. माझ्या मते हे त्यांना जास्त मानवणारं काम आहे.

हिमस्खलनात शोध घेणारे आजचे कुत्रे मग कुठून आले?

इथे मठाची परंपरा तुटते आणि दुसरीच गोष्ट सुरू होते. तीही अपघातानेच.

१९३७–३८ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलँड भागात स्कीवर निघालेल्या काही तरुणांवर हिमस्खलन कोसळलं. बचाव पथकाने लांब काठ्या बर्फात खुपसत सगळ्यांना शोधलं, फक्त एक सापडेना. पथकातल्या एकाबरोबर मोरित्झली नावाचा मिश्र जातीचा कुत्रा आला होता. त्याला काहीही शिकवलेलं नव्हतं. तो एकाच जागेभोवती घुटमळत, भुंकत राहिला. ती जागा आधी तपासून झाली होती. पुन्हा तपासली, आणि तो राहिलेला तरुण तिथेच सापडला.

बर्नचे श्वानप्रशिक्षक फर्डिनांड श्मुट्झ यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी जर्मन शेफर्ड घेऊन पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली आणि स्विस सैन्याने ती पद्धत उचलली. आज जगभर हिमस्खलनाचे कुत्रे ज्या रीतीने तयार होतात तिचं मूळ इथे आहे. बॅरीइतकी प्रसिद्धी मात्र मोरित्झलीच्या वाट्याला आली नाही.

बर्फाखालचा वास कुत्र्याला येतो तरी कसा?

बर्फ दिसतो घट्ट, पण त्यात हवेची पोकळी भरपूर असते. गाडलेल्या माणसाच्या श्वासाचा, घामाचा, त्वचेचा वास त्या फटींतून हळूहळू वर झिरपतो. तो नेमका माणसाच्या डोक्यावर निघेल असं नाही. उतार, वारा आणि बर्फाचा थर पाहून दोन-चार मीटर बाजूलाही निघतो. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींहून जास्त, माणसाच्या नाकात ५०–६० लाख. कुत्रा वाऱ्याच्या आडवा फिरतो, वास लागला की एकदम वळतो, नाक बर्फात खुपसतो आणि उकरायला लागतो. हँडलरला, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याला, हवी असते ती खूण हीच.

शिकवणं म्हणजे लपाछपीचा खेळ. आधी मालकच बर्फाच्या खड्ड्यात लपतो. कुत्र्याने शोधला की आतच दोरीची ओढाओढी, कौतुक, दंगा. मग अनोळखी माणूस लपतो, मग खड्ड्याचं तोंड बंद होतं, मग माणसं दोन होतात. कुत्र्याच्या लेखी शेवटपर्यंत हा खेळच राहतो.

यंत्रं आली, तरी कुत्रा कशाला?

बर्फाखाली वेळच नसतो म्हणून. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी साधारण पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले दहातले नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली की तिघांपैकी एकच. गुदमरणं हे मुख्य कारण, थंडी नंतर मारते. अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याची जागा कळवणारं छोटं रेडिओ यंत्र) असेल तर बरोबरचे सोबतीच काही मिनिटांत शोधतात, आणि वाचण्याची खरी आशा तीच. कुत्रा खालून येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, हे कटू सत्य आहे.

पण ज्याच्या अंगावर यंत्र नाही त्याच्यासाठी अजूनही नाकासारखं काही नाही. एक हेक्टर बर्फ एक कुत्रा साधारण अर्ध्या तासात धुंडाळतो. तेवढ्याच जागेला काठ्या घेतलेल्या वीस माणसांच्या रांगेला चार तास लागतात. म्हणूनच मोठ्या स्की केंद्रांवर कुत्रे डोंगरावरच तैनात ठेवतात.

उशिरा जाऊनही कुत्र्याने जिवंत माणूस शोधल्याचं उदाहरण आहे का?

आहे. ३१ मार्च १९८२ रोजी कॅलिफोर्नियातल्या आल्पाइन मेडोज स्की केंद्रावर हिमस्खलनाने इमारतच उडवून दिली. सात जण गेले. काही दिवसांनी ब्रिजेट नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीने ढिगाऱ्यात एके ठिकाणी खूण दिली, पण पुन्हा हिमस्खलनाचा धोका असल्याने काम थांबवावं लागलं. पाचव्या दिवशी तिथून एक तरुणी जिवंत निघाली. एका लाकडी बाकावर कपाटं आडवी पडून तयार झालेल्या पोकळीत ती तग धरून होती. उत्तर अमेरिकेत हिमस्खलनात कुत्र्याने जिवंत माणूस शोधल्याची ही पहिली नोंद मानतात.

बर्फ नसलेल्या डोंगरात कुत्रे चालतात का?

उत्तम चालतात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक हॅमिश मॅकइन्स स्वित्झर्लंडमधलं प्रशिक्षण पाहून आले आणि १९६५ मध्ये त्यांनी तिथे शोध-बचाव कुत्र्यांची संघटना काढली. पण स्कॉटलंडमध्ये माणसं बर्फाखाली कमी, धुक्यात आणि गवताळ डोंगरांत जास्त हरवतात. त्यामुळे तिथले कुत्रे हवेतला वास धरून मोठा मुलूख पिंजून काढतात. माणूस सापडला की हँडलरकडे परत येऊन भुंकतात आणि त्याला तिथवर घेऊन जातात. तिथे बॉर्डर कॉली जास्त. आणि एक कडक अट: मेंढ्यांच्या कळपातून जाताना कुत्र्याने ढुंकूनही पाहायचं नाही. यात नापास झाला तर बाकी कितीही हुशार असो, पथकात प्रवेश नाही.

भारतात असे कुत्रे आहेत का?

आहेत. मेरठमधल्या लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरच्या (लष्करातले प्राणी सांभाळणाऱ्या विभागाच्या) केंद्रात हिमस्खलनातल्या शोधासाठीही कुत्रे तयार होतात. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये सुमारे १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याचे सुनील सूर्यवंशीही होते. डॉट आणि मिशा या लष्कराच्या दोन कुत्र्यांनी रडारच्या जोडीने जागा दाखवली. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट बर्फाखालून लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत निघाले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचं निधन झालं. बाकीचे नऊ जण आधीच गेले होते. त्या उंचीवर माणूस चार पावलं टाकून धापा टाकतो. तिथे हे कुत्रे काम करत होते.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण दरडी आहेत. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा एनडीआरएफचं (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं) श्वानपथक वर चढवलं होतं. गाडीरस्ता नसल्याने माणसांसारखीच कुत्र्यांनाही ती चढण पायी चढावी लागली. ओली, घट्ट बसलेली माती बर्फासारखी वास वर सोडत नाही. त्यामुळे दरडीत कुत्र्याचं काम हिमस्खलनापेक्षा अवघड होतं. तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले.

कोणती जात सर्वांत चांगली?

जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, बॉर्डर कॉली, मॅलिन्वा यांचा वापर जास्त. वजन असं हवं की माणसाला कुत्रा उचलून हेलिकॉप्टरमध्ये किंवा स्की-लिफ्टवर चढवता यावा. खेळाची आवड आणि माणसांशी सलगी जातीपेक्षा महत्त्वाची. मोरित्झली कुठल्या जातीचा होता ते आठवा.

पुण्या-मुंबईत सेंट बर्नार्ड पाळावा का?

नाही. एसी लावून ठेवू म्हणाल, तरीही नाही.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर?

बॅरी बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. जिवंत कुत्रे मार्टिन्यीला. उन्हाळ्यात त्यातले काही खिंडीवर नेतात, तेव्हा मठही पाहता येतो. रस्ता साधारण जून ते मध्य ऑक्टोबर एवढाच उघडा असतो. हिवाळ्यात जायचं असेल तर स्की किंवा बर्फातले बूट चढवून पायी चढावं लागतं. बरोबर ट्रान्सीव्हर, शोधकाठी, फावडं आणि तिथला माहीतगार वाटाड्या हवाच. मठाचं दार वर्षभर उघडं असतं.